विश्वास आमचा कमी पडलेला नाही, पाळकसाहेब

माननीय पाळकसाहेब, सेक्रेटरी, खजिनदार आणि पास्टरेट कमिटीचे (मंडळीचा कारभार बघणारी कमिटी) सगळे पंच,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

आपल्या मंडळीचं, म्हणजे चर्चचं, नाव मी इथे लिहीत नाही आणि तुमचंही कुणाचं लिहिणार नाही. वाचल्यावर तुम्हाला कळेलच कोणाला लिहिलंय, आणि नगर जिल्ह्यातल्या आणखी दहा मंडळ्यांना हे आपल्यालाच आहे असं वाटलं तरी माझी काही हरकत नाही. आजाऱ्यांशी आपली मंडळी कशी वागते त्याबद्दलचं हेच सगळं मी दोन महिन्यांपूर्वी हाताने लिहून, झेरॉक्स काढून ऑफिसात दिलं होतं. "पुढच्या मीटिंगला घेऊ" म्हणाले. त्यानंतर तीन मीटिंगा झाल्या, कापणीच्या सणाच्या लिलावावर झाली, रंगकामावर झाली, तिसरी कशावर झाली मला माहीत नाही, पण माझ्या पत्रावर नाही झाली. म्हणून आता चारचौघांत लिहितेय.

मी कोण ते बाकीच्यांसाठी सांगते. माझं वय ५६, घरी शिवणकाम करते, ब्लाऊज आणि शाळेचे ड्रेस. आमचे हे एसटीच्या वर्कशॉपला मेकॅनिक होते. चार वर्षांपूर्वी ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, बीपीने गेल्या, बीपी आहे हेच आम्हाला उशिरा कळलं. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार डायलिसिस, दर वेळी चार तास. हिशोब केला तर सहाशेच्या वर वेळा ह्यांच्या हाताला दोन दोन जाड सुया टोचून झाल्यात. महात्मा फुले योजनेत डायलिसिस बसतं म्हणून आम्ही तगलो, पण योजनेत रिक्षा बसत नाही आणि बाहेरून लिहून दिलेल्या गोळ्या बसत नाहीत.

घरात कसं चालतं तेही थोडं सांगते, कारण स्टेजवरून बोलणाऱ्यांना ते माहीतच नसतं. ह्यांना दिवसाला एक लिटरच पाणी. त्यात चहा आला, आमटी आली, गोळ्यांबरोबरचा घोटही आला. मी सकाळी लिटरची बाटली भरून ओट्यावर ठेवते, ह्यांनी चहा घेतला की तेवढंच पाणी बाटलीतून काढून टाकते, म्हणजे दिवसाचं किती उरलं ते डोळ्याला दिसतं. एप्रिल-मे महिन्यात दुपारी चारलाच बाटली तळाला जाते आणि मग रात्रीपर्यंत माणूस बर्फाचा एक खडा तोंडात धरून बसतो. बटाटा चिरून पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, परत उकळून तेही फेकायचं, मग भाजी करायची. केळं बंद, शहाळं बंद. (आजाऱ्याला भेटायला येताना लोक हमखास शहाळं आणतात, चांगल्या मनाने आणतात, पण किडनीच्या पेशंटला ते विषासारखं, कृपा करून आणू नका.)

आणि ह्यांच्या डाव्या हाताला फिस्टुला केलाय. शीर आणि धमनी जोडतात, त्यावर बोट ठेवलं की घुर्रर्र असं लागतं, मांजर घुरघुरल्यासारखं. ते लागलं म्हणजे चालू आहे, नाही लागलं तर पळत दवाखान्यात जायचं. रोज रात्री झोपताना मी तिथे बोट ठेवते आणि तसंच बोट ठेवून आमची प्रार्थना होते. पहिली दोन वर्षं मी रोज "प्रभू, ह्यांना पूर्ण बरं कर" असंच म्हणायचे. मग ते म्हणणं कधी थांबलं मला कळलंच नाही. आता मी म्हणते उद्या सुई पहिल्याच दमात बसू दे, बीपी पडू देऊ नको, त्या नवीन सिस्टरच्या हाताला धीर दे. मागणं लहान झालं म्हणून माझा विश्वास लहान झाला असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. मला तसं वाटत नाही. सहाशे वेळा पहाटे पाचला उठून, वजनकाट्यावर उभं राहून, डबा घेऊन माणूस निघतो ते काय अंगातल्या ताकदीने निघतो होय?

आता मूळ गोष्ट सांगते, हे सगळे विसरलेत.

सुरुवातीला, दुसऱ्याच महिन्यात, ह्यांनी एका सकाळी सांगितलं की मी जाणार नाही. मला पुरे झालं. रिक्षा दारात उभी आणि हे भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी वचनं वाचली, रडले, भांडलेसुद्धा, काही उपयोग नाही. तेव्हा आपली गुरुवारची समाचार फेरी (आजाऱ्यांना घरी जाऊन भेटायची) चालू होती, त्यातले जे सगळ्यात म्हातारे वडील, म्हणजे मंडळीचे ज्येष्ठ, होते त्यांना मी फोन केला. ते पावसात छत्री घेऊन चालत आले. आले ते ह्यांच्या पायाशी खुर्ची ओढून बसले, तास दीड तास नुसते बसले, एक शब्द नाही. मी मनात म्हणतेय प्रार्थना तरी करा. मग म्हणाले, "चल रे, मी येतो तुझ्याबरोबर, मला पण बघू दे ते मशीन कसं असतं." आणि हे उठले. आमचा नंबर गेला होता, सिस्टरला विनवून दुपारच्या शिफ्टला लावून घेतलं, आणि वडील चारही तास बाहेरच्या बाकावर बसून होते. प्रार्थना त्यांनी केली ती परत येताना रिक्षात, दोन मिनिटांची.

पवित्र शास्त्रातल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्रही आधी असेच आले होते, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. चुकले ते तोंड उघडल्यावर. तू काहीतरी केलं असशील म्हणूनच तुझ्यावर ही वेळ आली, असं सांगायला लागले तिथे चुकले.

ते वडील आता प्रभूकडे गेलेत. आणि ते गेल्यावर सहा महिन्यांत तुम्ही समाचार फेरी बंद केलीत. हे माझं पहिलं गाऱ्हाणं. कारण काय दिलं, तर माणसं मिळत नाहीत आणि पेट्रोलचा खर्च. मग आजाऱ्यांसाठी व्हॉट्सॲप ग्रुप काढला. त्याच्यावर मी "आज बीपी फार पडलं, प्रार्थना करा" टाकलं की पंचवीस जण हात जोडल्याचं चित्र टाकतात, आणि खरं सांगते, त्यातले काही रविवारी शेजारच्या बाकावर बसून "भाऊ कसे आहेत आता, बरे झाले ना" असं विचारतात. मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात, असं प्रभू म्हणाला. समाचाराला येणे म्हणजे येणे. मराठीत तरी ह्याचा दुसरा अर्थ नाही.

दुसरं गाऱ्हाणं त्या सभेचं. ह्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ह्यावरच तुम्हाला बोलायचं नाहीये.

तीन दिवसांची आरोग्य सभा तुम्ही ठेवलीत, बाहेरून पाहुणे आणलेत. बॅनरवर शुगर, बीपी, किडनी, कॅन्सर अशी यादीच छापली होती, हॉस्पिटलच्या बोर्डावर असते तशी. शेवटच्या दिवशी, रविवारी संध्याकाळी पाहुण्यांनी आजाऱ्यांना पुढे बोलावलं. हे जायला तयार नव्हते, पण तरुण संघातल्या दोन मुलांनी प्रेमाने हाताला धरून नेलं (उजव्याच हाताला धरलं, त्यांना माहीत आहे, त्या पोरांबद्दल माझी काही तक्रार नाही). पाहुण्यांनी डोक्यावर हात ठेवून मोठ्याने प्रार्थना केली, मग माईक ह्यांच्या तोंडाशी धरला, "भाऊ, काय वाटतंय? साक्ष द्या." आमचे हे वर्कशॉपमधले माणूस, जे आहे ते बोलणार. म्हणाले, "बरं वाटतंय. पण उद्या सोमवार आहे, सकाळी डायलिसिसला जायचंय." लोक हसले. मलाही हसू आलं. पाहुण्यांनी माईक काढून घेतला आणि सगळ्यांसमोर म्हणाले की पाहा, ह्याला म्हणतात डळमळीत विश्वास, एक पाय नावेत एक पाय पाण्यात, म्हणून सुटका होत नाही.

चार वर्षं जो माणूस त्या खुर्चीत बसून, बाजूच्या बेडवरच्या वारकरी काकांबरोबर आणि समोरच्या चाचांबरोबर एकमेकांना धीर देत जगतोय, त्याला तुम्ही पाचशे माणसांत सांगितलंत की तुझा विश्वास कमी आहे. तुम्ही म्हणजे पाहुणे, मान्य. पण स्टेज तुमचं होतं, मागे खुर्च्यांवर तुम्ही बसला होता, आणि एकानेही उठून "असं नाही" म्हटलं नाही. हे त्या रात्री जेवले नाहीत. मला म्हणाले, "अगं, मी खोटं बोलायला पाहिजे होतं का देवळात?"

हे आमचं झालं, आम्ही पचवलं. पण त्याच सभेत "आजपासून गोळ्यांवर नाही तर प्रभूवर भरवसा ठेवा" असंही सांगितलं गेलं आणि आपल्याच मंडळीतल्या एका बाईंनी, वीस वर्षांची शुगर आहे त्यांना, इन्सुलिन बंद केलं. कुणाला सांगितलं नाही. पाचव्या दिवशी लेकाने शुगर तपासली तर मशीन आकडाच दाखवेना, नुसतं हाय दाखवत होतं. मग आयसीयू, सहा दिवस. त्या वाचल्या, देवाची स्तुती असो, आणि डॉक्टरांचीही. मी भेटायला गेले तर माझा हात धरून विचारतात, "अगं, माझाच विश्वास कमी पडला का?" पाळकसाहेब, तुम्ही गेला असता तर तुम्हाला विचारलं असतं. तुमच्याकडे काय उत्तर होतं मला ऐकायचंय. कमिटीतल्या एकाने मला सांगितलं की गोळ्या बंद करणं हा त्यांचा वैयक्तिक निर्णय होता. म्हणजे बरी झाली असती तर सभेची साक्ष, आणि आयसीयूत गेली तर वैयक्तिक निर्णय.

पवित्र शास्त्र मी काही कॉलेजात शिकलेली नाही, पण रोज वाचते. हिज्कीया राजा मरणाला टेकला तेव्हा त्याने प्रार्थना तर केलीच, पण यशया संदेष्ट्याने त्याच्या गळवावर अंजिराचं पोटीस बांधायलाही सांगितलं. प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, त्याच्या वारंवारच्या दुखण्यासाठी, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, तुझा विश्वास कमी पडतोय असं म्हणत नाही. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमाला, त्याने मिलेतात आजारी ठेवून पुढे जावं लागलं. शुभवर्तमान लिहिणारा लूक तर वैद्यच, प्रिय वैद्य असंच त्याला म्हटलंय. आणि खुद्द पौलाच्या देहातला काटा, तीनदा विनंती करूनही निघाला नाही, उत्तर काय मिळालं तर माझी कृपा तुला पुरे आहे. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं की पाप कोणी केलं, ह्याने की ह्याच्या आईबापांनी, तर प्रभू म्हणाला ह्यानेही नाही, आईबापांनीही नाही. हा प्रश्न तिथेच मिटला होता, तुमच्या पाहुण्यांनी तो परत उकरून काढला.

आणि लांब कशाला जायचं, आपल्या पंडिता रमाबाई. आई-बाप दुष्काळात गेले, बहीण गेली, मग भाऊ गेला, लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोवर १८८२ साली नवरा कॉलऱ्याने गेला, पदरात तान्ही मनोरमा. त्यानंतर त्यांनी ख्रिस्ताला धरलं आणि दुष्काळातल्या शेकडो मुलीबाळींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणून सांभाळलं. त्यांच्याइतकी प्रार्थना करणारी बाई महाराष्ट्रात दुसरी दाखवा. तरी कान अधू होते ते अधूच राहिले, आणि १९२१ मध्ये मनोरमा त्यांच्या डोळ्यांसमोर गेली. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये त्या स्वतः गेल्या, तोपर्यंत शास्त्राच्या मराठी भाषांतराचं काम चालूच. तुमच्या पाहुण्यांच्या हिशोबाने रमाबाईंचा विश्वास किती टक्के भरला असता?

मिरजेला मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला, आपल्या नगरात मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मीचं) बूथ हॉस्पिटल आहे, आपल्यातल्या कितीतरी बायका नर्सिंग करून घर चालवतात, माझी स्वतःची आत्या मिशन दवाखान्यात सिस्टर होती. ज्यांनी आपल्याकडे शुभवर्तमान आणलं त्यांनीच सलाईनची बाटली आणली. आता त्यांच्याच नातवंडांना स्टेजवरून सांगायचं की गोळी घेणं म्हणजे अविश्वास. माझ्या आत्याने हे ऐकलं असतं तर तिने पाहुण्यांना आधी थर्मामीटर लावला असता.

मला हेही सांगितलं गेलं की बाहेर बोलू नको, बाहेरचे लोक टपलेलेच आहेत, आधीच आपल्यावर वेगवेगळे आरोप होतात. ते मला कळतं. मलाही भीती वाटते, माझा मुलगा बाहेर नोकरी करतो. पण म्हणूनच तर. शुगर मंत्रा-ताईताने बरी होते अशा जाहिरातीला बंदी घालणारा कायदा ह्या देशात १९५४ पासून आहे, बॅनर छापणाऱ्याने तेवढं तरी विचारायचं कुणा वकिलाला. मी पोलिसात जाणार नाही, भावाभावांनी कोर्टात जाऊ नये असं पौलाने करिंथकरांना लिहिलंय ते मला माहीत आहे. पण त्याच पौलाने पत्रं लिहायचं सोडलं नव्हतं.

तिसरं गाऱ्हाणं पैशाचं. गरीब फंडातून सात घरांना महिन्याला दीड हजार औषधाला मिळायचे. आमचंही घर त्यात होतं, लपवायचं काय. दोन वर्षांपूर्वी ते "तात्पुरते" थांबले आणि त्याच वर्षी एलईडीची भिंत बसली. गाण्याचे शब्द मोठे दिसतात, छान दिसतं, मी नाही म्हणत नाही. पण सात घरांतल्या एकाला तरी आधी सांगायचं होतं. केमिस्टच्या काउंटरवर उभं राहून "अर्धीच पट्टी द्या" म्हणताना कसं वाटतं ते खजिनदारांनी एकदा अनुभवावं. एवढंच, ह्यावर जास्त लिहीत नाही, नाहीतर पैशासाठीच लिहिलं म्हणतील.

आणि एक, घरी प्रभूभोजन (भाकर आणि द्राक्षारस) आणणं बंद झालंय. बुधवार-शुक्रवारच्या थकव्याने ह्यांना कधी कधी रविवारी उठवत नाही. पूर्वी पाळक घरी यायचे, मी स्टुलावर पांढरं कापड घालायचे, ह्यांचा तेवढा द्राक्षारसाचा घोटही मी बाटलीतून वजा करायचे. मागच्या पुनरुत्थानाच्या सणानंतर (ईस्टरनंतर) कोणी आलेलं नाही. चर्चच्या दाराला अकरा पायऱ्या आहेत आणि धरायला दांडा नाही, तेही जाता जाता लिहून ठेवते.

आता मागणं काय ते सरळ लिहिते.

येत्या रविवारच्या उपासनेत वेदीवरून स्पष्ट सांगा की कुणीही डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळ्या, इन्सुलिन, डायलिसिस, काहीही बंद करायचं नाही, आणि आजारी माणूस बरा झाला नाही म्हणजे त्याचा विश्वास कमी असं ही मंडळी मानत नाही. गोल गोल नको, ह्याच शब्दांत सांगा.

त्या बाईंच्या घरी पाळकसाहेब आणि दोन पंच जा आणि त्यांची माफी मागा. घरी जाऊन, मंडळीत नाव न घेता.

गुरुवारची समाचार फेरी परत सुरू करा. माणसं मिळत नाहीत म्हणता तर माझं नाव पहिलं लिहा. गुरुवारी डायलिसिस नसतं, दुपारी शिलाई मशीन बंद ठेवून मी दोन तास देईन. महिला संघातल्या आणखी तिघी तयार आहेत, मी विचारलंय. पेट्रोल नको, आम्ही चालत जाऊ.

गरीब फंडात दोन वर्षांत किती आले आणि कुठे गेले ते नोटीस बोर्डावर लावा. पैसे नसतील तर नाहीत म्हणून लिहा, आम्ही समजून घेऊ, पण लिहा.

यापुढे बाहेरून कोणी पाहुणा बोलवायचा असेल तर आजाऱ्यांबद्दल तो काय शिकवतो हे कमिटीने आधी विचारायचं, आणि स्टेजवर आजाऱ्याच्या तोंडाशी माईक धरायचा नाही. याकोबाच्या पत्रात लिहिलंय की आजाऱ्याने वडिलांना घरी बोलवावं आणि त्यांनी त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. तेल घेऊन घरी जायचंय. त्यात लाऊडस्पीकर कुठेही नाही.

आणि महिन्यातून एकदा घरी प्रभूभोजन. आमच्यासारखी पाच-सहा घरं आहेत, यादी मी देते.

मंडळी सोडायची धमकी मी देत नाहीये. ह्याच मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, लग्न झालं, दोन्ही मुलांचं नाव ठेवलं, आणि वेळ आली की आमचं दफनही इथूनच होईल. परवा ह्यांना मी हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, सगळं ठीक आहे, पण पाहुण्यांच्या थर्मामीटरचं काढून टाक, बरं दिसत नाही. मी नाही काढलं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी साडेपाच ते बारा आम्ही घरी नसतो. बाकी कधीही या, फोन न करता आलात तरी चालेल. चहा ठेवेन. ह्यांना अर्धाच कप.

तुमच्याच मंडळीतली एक भगिनी